नक्षीचा सांधा : संगणकावर छापील कापडाची नक्षी कशी शिकावी

गोडादऱ्यातील कोणत्याही गल्लीतून सकाळी फेरी मारली, तर कापडाशी संबंध नाही असे घर क्वचितच सापडेल. कोणी लूमवर जातो, कोणी मिलमध्ये, कोणी रिंगरोडच्या मार्केटात साड्यांच्या घड्या घालतो. घरी भगिनी लेस लावतात, टिकल्या चिकटवतात, भरतकामाच्या साडीचे सुटे धागे कापतात. नंदुरबार-अमळनेरच्या लाइनीने खान्देशातून येथे आलेल्या आपल्या पुष्कळ कुटुंबांना तापीच्या या टोकाला याच कापडाने पोटाला लावले. एवढे कापड आपल्या हातांतून जाते, परंतु त्यावरील नक्षी कोणी काढली व ती कशी काढली, हा प्रश्न आपण फारसा विचारीत नाही.

आता घरोघरची मुले विचारू लागली आहेत. दहावी-बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी संगणकावर डिझाइन शिकावे म्हणते, आणि आईवडील आमच्याकडे येऊन विचारतात, "या शिक्षणात काही अर्थ आहे का? पैसे भरावेत का?" या प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही. म्हणून या स्मरणिकेची चार पाने आम्ही त्यासाठी मागून घेतली. हा लेख वाचून कोणी कारागीर होणार नाही, परंतु खरे शिक्षण कोणते व वरवरचे कोणते, हे ओळखण्याइतकी समज यावी, एवढाच आमचा हेतू आहे.

मुख्य गोष्ट : चित्र आणि नक्षी यांतील भेद

एक सुंदर फूल काढणे म्हणजे चित्र. तेच फूल साडीच्या साडेपाच मीटर लांबीवर आणि चव्वेचाळीस इंच पन्ह्यावर असे पसरणे की एक तुकडा कोठे संपला व दुसरा कोठे सुरू झाला हे पाहणाऱ्यास कळू नये, म्हणजे नक्षी. पुन्हा पुन्हा छापल्या जाणाऱ्या या एका तुकड्यास आपल्या बाजारात 'रिपीट' म्हणतात. या कलेचे मर्म रिपीटच्या सांध्यात आहे. फूल काढता येणारे पुष्कळ भेटतात. सांधा साधणारा थोडा भेटतो.

ही अडचण संगणकाने आणलेली नाही. भावसार-रंगारी मंडळी लाकडी ठशाने कापड छापीत, तेव्हा ठशाच्या कोपऱ्यावर बारीक खुणा ठेवीत आणि पुढचा ठसा त्या खुणेवर बसवीत. खूण चुकली की कापडावर फट दिसे किंवा रंगावर रंग चढे. १९६३ साली हॅनोव्हर येथील यंत्रप्रदर्शनात हॉलंडच्या स्टॉर्क कंपनीने फिरत्या जाळीचे, म्हणजे रोटरी छपाईचे यंत्र मांडले. त्यातील नेहमीच्या गोल जाळीचा घेर ६४ सेंटिमीटर असतो. म्हणून त्यावर छापावयाची नक्षी ६४, ३२ किंवा १६ सेंटिमीटर अशा, घेराला नि:शेष भाग जाईल अशाच मापाची लागते. नंतर डिजिटल छपाई आली. तीत जाळी नाही. शाई फवारणारे यंत्र संगणकातील चित्र थेट कापडावर किंवा कागदावर उतरवते, त्यामुळे घेराचे बंधन गेले. सांध्याचे बंधन मात्र राहिलेच.

आपल्या घरी असलेली विद्या

आमच्या भगिनींनी हे अवघड मानू नये. दारात ठिपक्यांची रांगोळी घालताना त्या दोन पद्धती वापरतात. एकीत ठिपक्याखाली ठिपका येतो; दुसरीत वरच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध खालचा ठिपका येतो. कापडाच्या धंद्यात पहिलीला सरळ रिपीट म्हणतात. दुसरीसारख्या मांडणीचे दोन प्रकार आहेत : खालची ओळ अर्ध्याने बाजूला सरकली तर विटेची मांडणी, आणि शेजारची उभी रांग अर्ध्याने खाली उतरली तर 'हाफ ड्रॉप'. सरळ मांडणीत फुलांच्या उभ्या-आडव्या ओळी चटकन डोळ्यांत भरतात. हाफ ड्रॉपमध्ये नजर तिरकी फिरते व कापड भरलेले वाटते. जी मुलगी आजीजवळ बसून रांगोळी शिकली, तिला हा धडा एका दुपारी समजतो, असा आमच्या वर्गाचा अनुभव आहे.

पहिला पाठ : माप

संगणकावर काम सुरू करण्यापूर्वी माप ठरवावे. संगणकाचे चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. त्यांस पिक्सेल म्हणतात. एका इंचात किती ठिपके धरावयाचे हे आधी ठरते. कापडासाठी २०० ठिपके धरले, तर पुष्कळ कामांना पुरते. आता पन्हा ४४ इंच आहे. त्यात नक्षीचे आठ तुकडे बसवायचे, तर एक तुकडा साडेपाच इंचांचा झाला. साडेपाच गुणिले २०० म्हणजे ११०० पिक्सेल. तेव्हा ११०० बाय ११०० पिक्सेलचा कोरा कागद उघडावा.

मोबाइलवरून घेतलेले छोटे चित्र ताणून मोठे केले म्हणजे काम झाले, असे नवशिक्याला वाटते. परंतु ताणल्याने ठिपके वाढत नाहीत, फक्त पसरतात. आणि पडद्यावर बरी दिसणारी पाकळी कापडावर धूसर उतरते.

दुसरा पाठ : सांधा

कागदाच्या मध्यभागी फूल काढावे; कडांना अद्याप हात लावू नये. मग फोटोशॉपमध्ये 'फिल्टर' या यादीतील 'अदर' मध्ये जाऊन 'ऑफसेट' ही आज्ञा घ्यावी. आडवे ५५० व उभे ५५० हे आकडे भरावेत आणि 'रॅप अराउंड' हा पर्याय निवडावा. असे केल्याने चित्र अर्ध्याने सरकते. उजवीकडून बाहेर गेलेला भाग डावीकडून आत येतो आणि खालून गेलेला वरून येतो. मधले फूल चार कोपऱ्यांत वाटले जाते, आणि ज्या कडा आजवर बाहेर होत्या त्या आता अधिक चिन्हासारख्या मध्यभागी येतात. सांधा डोळ्यांसमोर उघडा पडतो.

आता या रिकाम्या मध्यावर दुसरे फूल, पान किंवा वेल काढावी. जमिनीच्या रंगात रेघ दिसत असेल तर ती पुसावी. एवढे करताना नव्या कडांना धक्का लावू नये, कारण त्या आता जुळलेल्या आहेत. तीच आज्ञा पुन्हा दिली की चित्र मूळ जागी येते. ज्या दिवशी विद्यार्थ्याला हे का घडते ते उमगते, त्या दिवशी तो बटणे दाबणारा राहत नाही.

हाफ ड्रॉपसाठी दुप्पट रुंदीचा, म्हणजे २२०० बाय ११०० चा कागद घ्यावा. डाव्या अर्ध्यात तुकडा जसाच्या तसा ठेवावा. उजव्या अर्ध्यात तोच तुकडा ५५० ने खाली सरकवून ठेवावा व खालून गेलेला भाग वर आणावा. सुटी फुले असतील तर काम येथेच झाले. एका तुकड्यातून दुसऱ्यात जाणारी वेल असेल, तर दोन सांधे तपासावे लागतात : एक कागदाच्या मधला आणि दुसरा बाहेरच्या कडांचा. पुष्कळ विद्यार्थी पहिला जुळवतात आणि दुसरा विसरतात.

शेवटी तुकडा पारखावा. 'एडिट' मधील 'डिफाइन पॅटर्न' ने तो साठवून मोठ्या कागदावर भरावा आणि चार पावले मागे जाऊन पाहावे. जवळून जे दिसत नाही ते लांबून दिसते : कोठे रिकामी वाट पडली आहे, कोठे एकच गडद पान ओळीने खुपते आहे. २०२० पासूनच्या फोटोशॉपमध्ये 'पॅटर्न प्रिव्ह्यू' नावाची सोय आहे. तीत काढता काढताच चहूकडे पसरलेली नक्षी दिसते. सोय चांगली आहे, पण ऑफसेटचा पाठ हाताने केल्यावरच ती वापरावी.

येथे आमची एक फजिती सांगितली पाहिजे. वर्गातील पहिली नक्षी आम्ही मोठ्या हौसेने छापून घेतली. पडद्यावर ती निर्दोष होती. साडी उलगडली, तेव्हा दर साडेपाच इंचांवर केसाएवढी पांढरी रेघ दिसली, टोकापासून टोकापर्यंत. तुकड्याच्या कडेला एक पिक्सेलभर जागा रंगाविना राहिली होती. पडद्यावर चित्र लहान करून पाहिल्याने ती कोणालाच दिसली नाही. छापणाऱ्याचा यात काही दोष नव्हता. ती साडी आम्ही टाकून दिली नाही. नव्या तुकडीला पहिल्या दिवशी तीच दाखवतो.

तिसरा पाठ : रंग आणि कापड

पडदा लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशाने उजळतो. कापडावर शाई बसते. म्हणून पडद्यावरचा झगझगीत पोपटी कापडावर तसाच येईल, असे कधीही गृहीत धरू नये. हातभर कापडावर सॅम्पल छापून दिवसाच्या उजेडात पाहावे आणि मगच पुढे जावे.

सुरतेचे पुष्कळ कापड पॉलिस्टरचे. त्यावर डिजिटल छपाईची एक रूढ रीत सबलिमेशनची आहे. नक्षी आधी कागदावर छापतात. मग कागद व कापड एकत्र दाबून सुमारे २०० अंश सेल्सिअसची उष्णता देतात. रंगाची वाफ होते व ती धाग्यात शिरते. कागदावरील चित्र आरशातल्यासारखे उलटे छापावे लागते, तेव्हाच ते कापडावर सुलटे येते. नक्षीत अक्षरे असतील तर हे विसरून चालत नाही. ही रीत निव्वळ सुतीला लागू पडत नाही. सुतीला रिॲक्टिव्ह शाई, वाफ आणि धुलाई असा वेगळा संस्कार लागतो.

रोटरीसाठी काम द्यावयाचे, तर प्रत्येक रंगाची स्वतंत्र जाळी लागते. सहा रंग म्हणजे सहा जाळ्या. तेथे चित्रातील शेकडो छटा आटवून त्या मोजक्या रंगांत बसवाव्या लागतात व प्रत्येक रंग वेगळा काढून द्यावा लागतो. हे सेपरेशनचे काम ज्याला येते, त्याला डिजिटलचे सोपे जाते. उलट मात्र नेहमी घडत नाही. तसेच एका नक्षीच्या चार-सहा 'मॅचिंग' कराव्या लागतात. त्यासाठी प्रत्येक रंग आपापल्या थरावर, म्हणजे लेयरवर ठेवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. थर मोडलेल्या चित्रात गुलाबीचा मोरपंखी करताना रात्र जाते. मूळ प्रत थरांसह जपावी आणि छपाईला टिफ प्रत द्यावी. जेपीजीत चित्र दाबले जाते व बारीक कडा बिघडतात.

चौथा पाठ : साडी नेसणाऱ्यांकडून

संगणकापुढे बसलेल्या मुलाला साडी म्हणजे एक लांबट चौकोन दिसतो. ती अंगावर कशी बसते हे त्याला आईनेच सांगावे. साडीची लांबी कमरेभोवती फिरते, म्हणून अंगावरील मोर उभा दिसायचा, तर त्याचे डोके वरच्या काठाकडे हवे. पदर मात्र खांद्यावरून पाठीवर उतरतो; तेथे लांबी उभी होते. म्हणून पदरावरील मोर काटकोनात फिरवून, पाय पदराच्या टोकाकडे करून काढावा लागतो. नाही तर तो आडवा पडलेला दिसतो. काठ फक्त लांबीच्या दिशेने पुन्हा पुन्हा येतो, पदर एकदाच येतो. आणि काठ जेथे पदराला मिळतो, तो कोपरा वेगळा जुळवावा लागतो. नेसताना निऱ्यांत कोणता भाग दडतो व कोणता समोर येतो, हेही भगिनींना जितके ठाऊक आहे तितके कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही. या विद्येत घरातील स्त्रिया नुसत्या मदतनीस नाहीत, गुरूही आहेत, हे आमच्या तरुणांनी ध्यानी घ्यावे.

नक्षी कोठून आणावी

येथे आम्हांला स्पष्ट बोलले पाहिजे. दुसऱ्याची चालती साडी स्कॅन करून फूल थोडे हलवावयाचे व नवी नक्षी म्हणून विकावयाची, ही रीत बाजारात आहे. ती शिकवणाऱ्या वर्गात आपल्या मुलांना घालू नये. २००० सालच्या डिझाइन्स ॲक्टप्रमाणे नोंदलेल्या नक्षीला दहा वर्षे, व मुदत वाढविल्यास आणखी पाच वर्षे संरक्षण मिळते. नोंदणी करावयाची, तर नक्षी नवी हवी व आधी प्रसिद्ध झालेली नसावी. म्हणून अर्ज आधी व बाजार नंतर. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलमही लक्षात ठेवण्याजोगे आहे : नोंदणीयोग्य नक्षी नोंदली नाही आणि मालकाने किंवा त्याच्या परवानगीने यंत्राने तिच्या पन्नासाहून अधिक प्रती निघाल्या, की त्या नक्षीवरील कॉपीराइट संपतो. म्हणजे नक्कल करणारा जसा चुकतो, तसा आपल्या नक्षीची नोंद न करणाराही आपलेच नुकसान करून घेतो.

आणि नक्कल करण्याची आपल्याला गरज तरी काय? जळगावहून अजिंठा फार दूर नाही. तेथील पहिल्या लेण्याच्या छतावर चौकटी आखून कमळे, फळे, पशुपक्षी रंगविलेले आहेत. गावी जाताना एक दिवस काढावा, वही-पेन्सिल न्यावी, आणि चौकट भरण्याची ती हातोटी पाहावी. पैठणीवरील बांगडी मोर, मुनिया, आसवली, नारळी काठ हे आपलेच धन आहे. त्यावरून नवी नक्षी जरूर काढावी. मात्र छापील साडीला पैठणी म्हणून विकू नये. पैठणी मागावर विणली जाते, आणि विणकराचा घास हिरावून आपल्या मुलांचे कल्याण होणार नाही. खान्देशातील केळीचे पान, कापसाचे बोंड, बैलपोळ्याची झूल, यांची नक्षी आम्ही बाजारात क्वचितच पाहिली. ही जागा कोणी तरी भरावयास हवी.

यंत्र काढते, मग शिकावे कशाला?

हा प्रश्न आता सर्रास विचारला जातो. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने चार शब्द लिहिले की क्षणात फुलांचे चित्र देतात. आम्ही वर्गात ती वापरून पाहिली. चित्र कित्येकदा देखणे असते. परंतु पुष्कळदा कडा जुळत नाहीत, छटा अगणित असतात, ठिपके छपाईला पुरत नाहीत, आणि मोराचे पाय पदराच्या कोणत्या बाजूला हवेत हे सांगितल्यावाचून त्याला कळत नाही. साधने सुधारत जातील, यात शंका नाही. पण जे आले ते बरोबर की चूक, हे ओळखणारा डोळा माणसालाच कमवावा लागेल. कारण हजार मीटर कापड बिघडले, तर जाब त्यालाच द्यावा लागतो. म्हणून साधनाला घाबरू नये आणि त्याच्यावर विसंबूही नये.

आईवडिलांस दोन शब्द

फोटोशॉपचे भाडे दरमहा भरावे लागते. चोरून मिळवलेली प्रत घरात आणू नये. शिकण्यासाठी गिम्प व क्रिता ही दोन साधने विनामूल्य व राजरोस मिळतात. गिम्पमध्ये ऑफसेटची आज्ञा 'लेयर' यादीतील 'ट्रान्सफॉर्म' मध्ये आहे. क्रितामध्ये डब्ल्यूची कळ दाबली की नक्षी चहूकडे पसरून दिसते. या लेखातील सांध्याचा पाठ दोन्हींत होतो. बाजारात काम मिळाल्यावर फोटोशॉप घेता येईल. प्रथम वही, मग उसना संगणक, आणि मन रमले तरच स्वत:चा, असा क्रम ठेवावा. कर्ज काढून सुरुवात करू नये.

महिन्याभरात नोकरीची हमी देणाऱ्या जाहिरातींना भुलू नये. वर्ग निवडताना तेथील प्रमाणपत्र पाहू नका. विद्यार्थ्याने काढलेल्या नक्षीचे मीटरभर छापलेले कापड मागा. ते उजेडात धरा आणि सांधा शोधा. सांधा सापडला नाही, तर वर्ग चांगला. आपल्या पाल्याचीही परीक्षा अशीच घ्यावी. तुम्ही वर्षानुवर्षे कापड हाताळले आहे, तुमची बोटे फसणार नाहीत.

आपल्या वडीलधाऱ्यांनी या गावात लूमच्या खडखडाटात उभे राहून संसार केले आणि त्यांतूनच ही संस्थाही उभी केली. त्यांनी विणलेल्या कापडावर त्यांच्याच नातवंडांनी काढलेली नक्षी उमटावी, अशी आमची इच्छा आहे. संस्थेच्या सभागृहात संध्याकाळी वर्ग भरतो. येताना एक वही आणि एक पट्टी आणावी. ज्यांच्या घरी जुनी साडी असेल त्यांनी तीही आणावी. तिच्यावरचा सांधा शोधण्यापासूनच आम्ही आरंभ करतो.